साउथ कॅरोलायना १८७६: ११३४ मतांचा 'विजय' कुणी कसा मोजला?

नदीपल्याड:

'जुनीवही' यांनी परवा अमेरिकन निवडणुकांच्या मालिकेत साउथ कॅरोलायनाच्या १८७६ च्या 'राज्यपाल निवडणुकी'वर लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. डेमोक्रॅट (तेव्हा तिथला मुख्यतः गोऱ्यांचा पक्ष) वेड हॅम्प्टनला ९२,२६१ मतं पडली, रिपब्लिकन (तेव्हा मुख्यतः काळ्या मतदारांचा पक्ष) डॅनियल चेंबरलेनला ९१,१२७. लोक भ्रष्टाचाराला विटले होते, हजारो काळ्या मतदारांनीसुद्धा स्वतःहून हॅम्प्टनला मत दिलं आणि 'किरकोळ दंगली वगळता' सत्ता सुरळीत बदलली. तिथेच उत्तर लिहायला बसले होते पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

ते 'किरकोळ' माझ्या फार जिव्हारी लागलं. मी ऑगस्टात राहते, जॉर्जियात. सव्हाना नदी ओलांडली की साउथ कॅरोलायना, आणि त्या काठावर तेव्हा हॅम्बर्ग नावाचं गाव होतं, बहुतेक सगळी काळी वस्ती. ४ जुलै १८७६ ला, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली त्याच दिवशी, गावातल्या काळ्या मिलिशियाची (राज्याच्या नागरी सैन्यदलाची) रस्त्यात कवायत चालू होती. तेवढ्यात दोन गोऱ्या तरुणांची बग्गी आली आणि वाट द्या यावरून बाचाबाची झाली. कारण एवढंच. ८ तारखेला त्याची सुनावणी होती, समोर बसणारा मॅजिस्ट्रेट प्रिन्स रिव्हर्स, गुलामीतून सुटून यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत सार्जंट झालेला माणूस. गोऱ्यांचा वकील म्हणून जनरल मॅथ्यू बटलर आला, सोबत शेकडो हत्यारबंद लोक, आणि म्हणाला मिलिशियाने बंदुका माझ्या ताब्यात द्याव्यात. ते नाही म्हणाले तर नदीच्या ह्या बाजूने, माझ्या आत्ताच्या गावातून, तोफ नेली. रात्री पकडलेल्यांतून एकेकाचं नाव पुकारून बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. सहा-सात काळी माणसं मेली, गोरा एक. बटलर पुढे सिनेटर झाला.

नॉर्थ ऑगस्टाच्या पार्कात त्या एका गोऱ्या पोराचा उंच दगडी स्तंभ आहे, १९१६ चा. मी मुलाला घेऊन गेले होते, त्याने मोठ्याने वाचला. अँग्लो-सॅक्सन संस्कृतीचा सर्वोच्च आदर्श तो जगला आणि मरून त्याने त्या आदर्शाचं वर्चस्व पुढच्या पिढ्यांसाठी पक्कं केलं, असा मजकूर कोरलाय. दहा वर्षांच्या पोराने विचारलं, बाकीच्यांचा दगड कुठाय? २०१६ उजाडावं लागलं त्यांची नावं दगडावर यायला, शंभर वर्षांनी.

आता आकडे. १८७५ च्या राज्याच्या जनगणनेत मतदानाच्या वयाचे गोरे पुरुष ७४,१९९ आणि काळे १,१०,७४४. बेरीज १,८४,९४३. निवडणुकीत दोघांची मतं मिळून १,८३,३८८. म्हणजे अख्ख्या राज्यात घरी राहिलेले फक्त दीड हजार? आजारी, म्हातारे, नदी चढल्यामुळे अडकलेले, भीतीने न आलेले, सगळे मिळून दीड हजार? एजफील्ड काउंटीत तर प्रौढ पुरुष होते त्यापेक्षा मतं जास्त निघाली. ते 'स्वतःहून आलेले हजारो' मला तरी ह्या फुगलेल्या पेट्यांतच दिसतात.

जुनीवही:

ताई, हॅम्बर्ग मी लपवलेलं नाही, एक ओळ आहे लेखात. 'किरकोळ' शब्द चुकला असेल, बघतो. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय.

भ्रष्टाचार काय गोऱ्यांनी रचलेली दंतकथा होती का? फ्रँकलिन मोझेस विधानसभेचा स्पीकर होता तेव्हा घोड्यांच्या शर्यतीत हजार डॉलर हरला, तर सभागृहाने त्याला 'सेवेबद्दल' हजार डॉलरची बक्षिसी मंजूर केली. हा मोझेस पुढे गव्हर्नर झाला. डिसेंबर १८७५ मध्ये ह्याच मोझेसला आणि व्हिपर नावाच्या रिपब्लिकन पुढाऱ्याला विधिमंडळाने जज्ज म्हणून निवडलं, त्यांना सनद द्यायला कुणी नकार दिला? खुद्द चेंबरलेनने, त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नरने! चार्ल्स्टनचं 'न्यूज अँड कुरिअर' हे डेमोक्रॅटिक पेपर १८७६ च्या उन्हाळ्यापर्यंत चेंबरलेनची तारीफ करत होतं. म्हणजे प्रश्न नुसता रंगाचा नव्हता.

आणि मार्टिन डेलनीचं काय करायचं? युनियन सैन्यातला काळा मेजर, आयुष्यभर काळ्यांच्या हक्कांसाठी लिहिणारा माणूस, त्याने उघड हॅम्प्टनचा प्रचार केला. एडिस्टो बेटावर त्याला काळ्या जमावानेच ढोल वाजवून बोलू दिलं नाही. केनहॉयला ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला त्यात मेलेले बहुतेक गोरे होते. ह्यातलं एकही तुमच्या पोस्टमध्ये नाही. काळ्या माणसाला स्वतःचं डोकं नव्हतं, त्याने डेमोक्रॅटला मत दिलं म्हणजे ते खोटंच असणार, हे म्हणणं मला त्याचाच अपमान वाटतं.

व्याकरणवेडा:

दोघांनाही हात जोडून विनंती, आधी ते 'राज्यपाल' काढा. आपल्याकडचा राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो, त्याला कुणी मत देत नाही. तिकडचा गव्हर्नर निवडून येतो, मिलिशिया त्याच्या हुकमात, जज्जांच्या सनदा त्याच्या सहीने निघतात. 'राज्यपाल निवडणूक' वाचून शाळेतल्या मुलांचा केवढा गोंधळ होतो. मी सतरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय, हा गोंधळ उत्तरपत्रिकांत दरवर्षी बघितलाय आणि दरवर्षी तो वर्तमानपत्रांनीच घातलेला असतो. गव्हर्नरच लिहा, मराठी बाटत नाही.

माणदेशी:

जुनीवही साहेब, 'स्वतःचं डोकं' म्हणताय म्हणून सांगतो. आमच्या गावात मी बारका असताना आमच्या वडलांना मतदानाच्या आदल्या रात्री एक जण येऊन एवढंच म्हणाला की उद्या कुणाला टाकतोस ते बघतो, परवापासून विहिरीचं पाणी लागतंय ना? शिवी नाही, काठी नाही, चहा पिऊन गेला वर. वडलांनी कुणाला टाकलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही, पण त्या रात्री ते अंगणातच बसून होते एवढं मला आठवतंय. आता ते मत 'स्वतःहून' दिलं म्हणायचं का? कागदावर तर स्वतःहूनच की.

तिकडंबी तेच असणार. जमीन कुणाची, खोपट कुणाचं, उधारीचं दुकान कुणाचं?

नदीपल्याड:

माणदेशी, अगदी तेच. रिपब्लिकनला मत देणाऱ्याला जमीन कसायला द्यायची नाही, कामावर ठेवायचं नाही, असे ठराव डेमोक्रॅटिक क्लबांनी केले होते. आणि डेमोक्रॅट पुढारी मार्टिन गॅरीचा लेखी प्लॅन आहे, जुनीवहींनी त्याचा उल्लेखही केलेला नाही. प्रत्येक डेमोक्रॅटने निदान एका काळ्या माणसाचं मत 'ताब्यात' ठेवायचं, धमकी देऊन, विकत घेऊन किंवा त्याला लांब ठेवून, जसं जमेल तसं. पुढे हेही लिहिलंय की एकट्यादुकट्याला नुसती धमकी देऊ नका, जो धमकीच्या लायकीचा झाला त्याने मेलंच पाहिजे. हे कुणाच्या आरोपपत्रातलं वाक्य नाही, मोहीम चालवणाऱ्याने स्वतः लिहिलंय. एजफील्डला मतदानादिवशी लाल शर्टवाले, म्हणजे हॅम्प्टनचे हत्यारबंद समर्थक, कोर्टाच्या पायऱ्यांवर असे दाटून उभे राहिले की काळ्या मतदाराला पेटीपर्यंत जाताच येईना.

आणि एक बघा. चेंबरलेनला १८७४ मध्ये ८०,४०३ मतं होती. १८७६ मध्ये एवढी दहशत असून ९१,१२७. काळे मतदार कंटाळून पक्ष सोडून चालले होते तर हा आकडा दहा हजारांनी वाढला कसा?

जुनीवही:

वाढला कारण रिपब्लिकनांच्याही पेट्या काही गंगाजळात धुतलेल्या नव्हत्या! मतदार यादीच नव्हती त्या राज्यात, १८६८ च्या घटनेत नोंदणी करा म्हटलंय पण कायदा कधी केलाच नाही. काउंटीत कुठल्याही केंद्रावर जाऊन मत द्या. ही मुभा आठ वर्षं सत्ता भोगणाऱ्यांनीच ठेवली ना? जॉर्जियातून नदी ओलांडून गोरे मत टाकायला आले असंही म्हणतात, येणारच, दार उघडं कुणी ठेवलं?

माणदेशी:

गुप्त मतदान असतं तर हे झालंच नसतं असं मला वाटतं. तवा पक्षच चिठ्ठ्या छापायचे ना?

पेटीबंद:

हो, पक्षाचं छापील तिकीट, सगळे उमेदवार एका कागदावर, घडी घालून पेटीत. कुणाचं तिकीट हातात आहे ते अंगणापासून दिसायचं. १८७८ मध्ये तर टिश्यू कागदाची तिकिटं निघाली, पतंगाच्या कागदापेक्षा पातळ. एका जाड तिकिटाच्या घडीत अशी दहा-बारा सरकवायची, पेटी हलवली की आत मोकळी होतात. मग मत देताना केंद्रावर लिहून घेतलेल्या नावांपेक्षा कागद जास्त निघाले की एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून जादाचे कागद काढून टाकायचे. काढणाऱ्याच्या बोटांना जाड कोणतं, पातळ कोणतं ते कळतंच, म्हणजे जाडी रिपब्लिकन तिकिटं बाहेर आणि टिश्यू आत.

पण माणदेशी, गुप्त मतदान म्हणजे रामबाण नाही हो. १८८२ मध्ये ह्याच राज्यात आठ पेट्यांचा कायदा आला, एडवर्ड मॅक्रेडी नावाच्या वकिलाने केलेला. गव्हर्नरची पेटी वेगळी, आमदारांची वेगळी, काँग्रेसची (अमेरिकेच्या संसदेची) वेगळी, अध्यक्षाच्या इलेक्टरांची वेगळी. चुकीच्या पेटीत कागद पडला की बाद. पेटीवर नाव लिहिलेलं, वाचता आलं तर वाचा. पेट्यांची जागा मधेच बदलता यायची, म्हणजे बाहेर कुणी 'तिसरीत टाक' म्हणून पढवलं असेल तर तेही फुकट. माणसाला हातही न लावता मत मारलं.

हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. वाई तालुक्यातली, अक्षर ओळखत नव्हती. १९५२ ला पहिलं मत दिलं. ती सांगायची, पडद्यामागे ओळीने पेट्या होत्या, एकीवर बैलजोडी, एकीवर वडाचं झाड, अजून कसलीकसली चित्रं. हातात नोटेएवढा कागद. ती म्हणे, मी बैलजोडीला नमस्कार केला आणि कागद आत सोडला. म्हणजे आपल्याकडेही पुष्कळ पेट्याच होत्या! पण इथे उमेदवारागणिक पेटी आणि तिच्यावर चित्र, न वाचणाऱ्याला मत देता यावं म्हणून. तिथे पदागणिक पेटी आणि तिच्यावर अक्षर, न वाचणाऱ्याला मत देता येऊ नये म्हणून. लाकूड तेच, सुतारकाम तेच.

स्पष्टवक्ता:

फार भावनिक झालं. कुणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो, ज्याला आठ पेट्यांवरची नावं वाचता येत नाहीत त्याने राज्य कुणी चालवावं हे ठरवू नये यात एवढं वाईट काय आहे? आजींबद्दल आदर आहे, पण नमस्कार करून मत देणं म्हणजेच आपल्या लोकशाहीचं दुखणं आहे. बैल बघून मत, आज पैसे बघून मत. मी हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होतो सहा वर्षं, अहवाल न वाचता हात वर करणारे लोक काय करतात ते मी भोगलंय.

माणदेशी:

माझी आई अंगठा उठवायची. तिला तालुक्यातला प्रत्येक माणूस काय लायकीचा हाय ते पाठ होतं. दुष्काळात रेशन कुणी खाल्लं आणि कुणी वाटलं हे कळायला बाराखडी लागत नाही. तुमच्या सोसायटीत सगळे ग्रॅज्युएट होते ना, मग हात वर का केले न वाचता? बोलताना जरा विचार करा साहेब.

पेटीबंद:

स्पष्टवक्ते, आजी नमस्कार भाकरीच्या पिठालाही करायची, म्हणून तिला भाकरी कळत नव्हती का?

आणि मुद्दा नीट बघा. साउथ कॅरोलायनाने १८३४ मध्ये कायदा केला की गुलामाला लिहावाचायला शिकवणं गुन्हा. दंड, तुरुंग, फटके. १८८२ मध्ये जो माणूस पन्नाशीचा होता तो ह्या कायद्याखाली वाढलेला. आधी शिकवणाऱ्याला फटके द्यायचे आणि मग त्याच माणसासमोर आठ पेट्या मांडून म्हणायचं, वाच. ह्याला तुम्ही पात्रता म्हणता?

स्पष्टवक्ता:

१८३४ चा कायदा मला माहीत नव्हता. तो धरला तर त्या राज्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. फक्त त्या राज्यापुरतं. आणि तुमच्या १९५२ च्या पेट्यांचं कौतुकही थोडं आवरा, त्यात कोरा कागद खिशात घालून बाहेर आणून विकता यायचा, म्हणून तर दोन निवडणुकांनंतर शिक्क्याची मतपत्रिका आली.

पेटीबंद:

आली, आणि तिच्यावरही चिन्ह आलं, हे विसरू नका. आजी शेवटपर्यंत चिन्हावरच शिक्का मारत होती.

व्याकरणवेडा:

शिक्षणबंदीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली. तेव्हा ह्या कॅरोलायनाच्या विधानसभेत काळ्या आमदारांचं बहुमत होतं. अर्पणपत्रिकेनंतर तीन वर्षांत हॅम्बर्ग. मी ती अर्पणपत्रिका वर्गात किती वेळा वाचून दाखवली असेल, पण ह्या दोन तारखा शेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत. आज ठेवल्या आणि बराच वेळ नुसता बसून होतो.

जुनीवही:

चर्चा कुठल्या कुठे गेली. १८८२ चं पाप १८७६ च्या माथी मारू नका. हॅम्प्टनने स्वतः काळ्यांच्या हक्कांची हमी दिली होती, गॅरीशी त्याचं पटत नव्हतं, गव्हर्नर झाल्यावर काही काळ्या लोकांना नेमणुकाही दिल्या, डेलनीसकट. गॅरीच्या प्लॅनचं ओझं हॅम्प्टनवर कशाला? मी तीन महिने खपून ती मालिका लिहितोय, रात्री ऑफिसहून आल्यावर, आणि एका शब्दावरून मला खुन्यांच्या बाजूचा ठरवलं जातंय, हे मला लागलंय.

नदीपल्याड:

तुम्हाला खुन्यांच्या बाजूचं कुणी म्हटलेलं नाही. तुमची मालिका मी पहिल्या भागापासून वाचतेय, म्हणून तर राग आला.

डेलनीचं मान्य. असे लोक होते, आणि त्यांना रिपब्लिकन शेजाऱ्यांनी मारलंय, वाळीत टाकलंय, बायकांनी नवऱ्यांना घराबाहेर काढलंय, हेही नोंदलेलं आहे. केनहॉय मी गाळलं, ते गाळायला नको होतं. पण हे 'हजारो' आले कुठून ते बघा. गोरे ७४ हजार, हॅम्प्टनची मतं ९२ हजार, वर उरलेले १८ हजार कुणाचे? हॅम्प्टनची बाजू म्हणाली १७ हजार काळ्यांनी दिले. म्हणजे वजाबाकी करून जे भोक पडलं त्यात काळा मतदार भरला! बोगस मत एकही नाही असं धरलं तरच ते गणित जमतं. एजफील्ड आणि लॉरेन्स ह्या दोनच काउंट्या बाजूला काढा. उरलेल्या राज्यात चेंबरलेन ८६,२१६, हॅम्प्टन ८३,०७१. दोन्ही पक्षांनी आपापलं सभागृह भरवलं होतं, आपापल्या स्पीकरच्या नावाचं. रिपब्लिकनांच्या मॅकी सभागृहाने हाच निकाल धरला आणि डेमोक्रॅटांच्या वॉलेस सभागृहाने दुसरा. नोव्हेंबरअखेर ही दोन्ही सभागृहं चार दिवस एकाच दालनात मुक्काम ठोकून होती, दोन स्पीकर शेजारीशेजारी, रात्री तिथेच ब्लँकेटं पांघरून झोपायची, कारण जो उठेल त्याची खुर्ची गेली. डिसेंबरात दोन गव्हर्नरांनी शपथा घेतल्या. हे 'सुरळीत'?

आणि शेवट मतांनी झालाच नाही. हॅम्प्टनने लोकांना सांगितलं कर माझ्याकडे भरा, चेंबरलेनकडे पैसाच येईना. १० एप्रिल १८७७ ला राष्ट्राध्यक्ष हेजने स्टेट हाउसमधून (राज्याच्या विधानभवनातून) केंद्राची फौज काढली, दुसऱ्या दिवशी चेंबरलेनने ऑफिस सोडलं. ज्या फौजेच्या जोरावर काळा माणूस मत द्यायला जात होता ती गेली.

हॅम्प्टनच्या हमीचं म्हणाल तर पुढचीच निवडणूक बघा, १८७८. हॅम्प्टन १,१९,५५० आणि विरोधात २१३. दोनशे तेरा. दोन वर्षांपूर्वीचे ९१ हजार कुठे गेले? गॅरी वाईट आणि हॅम्प्टन सभ्य असं राज्याच्या राजधानीत, कोलंबियात, गाइडही सांगतो, घोड्यावरच्या पुतळ्यासमोर उभा राहून. पण लाल शर्टवाले हॅम्प्टनच्याच मिरवणुकीत पुढे चालत होते आणि खुर्चीवर तोच बसला.

माणदेशी:

२१३. आमच्या गावात सोसायटीला 'बिनविरोध' म्हणतात त्याला. पेढे वाटतात वर.

जुनीवही:

१८७८ चा आकडा माझ्याकडे होता, पुढच्या भागासाठी ठेवला होता. तो ह्याच भागात यायला हवा होता हे पटतंय. 'किरकोळ' काढतो. 'सुरळीत' काढतो. 'स्वतःहून' काढून 'काहींनी स्वतःहून, काहींनी दबावाखाली' करतो. 'हजारो' ठेवणार, कारण शून्य होते असं तुम्हीही सिद्ध केलेलं नाही. मोझेसची शर्यतही राहणार. आणि 'राज्यपाल' बदलतो, नाहीतर सर झोपू द्यायचे नाहीत.

नदीपल्याड:

'हजारो' ठेवा. पण त्याच वाक्यात एजफील्डची प्रौढ पुरुषांपेक्षा जास्त मतं टाका, पुढच्या परिच्छेदात नको, त्याच वाक्यात.

जुनीवही:

टाकतो. रात्री बसतो.